ऑर्लाच्या स्वयंपाकघराचं दार

आदरणीय अध्यक्षा वॉनेटा क्रॉस, ज्यांना निरोप द्यायला आपण आज जमलो आहोत ते आपल्या मालिकेचे मुख्य लेखक लायल प्रेंटिस, त्यांच्या शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी मार्गो, वाहिनीच्या वतीने टोरांटोहून मुद्दाम आलेले पाहुणे, आणि समोर घडीच्या खुर्च्यांवर बसलेले, नऊ वर्षं माझ्याबरोबर चिखलात उभे राहिलेले माझे सगळे सोबती, तुम्हां सर्वांना कारीना लेह्तोचा मनापासून नमस्कार.

अध्यक्षांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. काल त्या मला म्हणाल्या, "कारीना, नऊ वर्षं तू आमच्या सगळ्यांच्या चुका लिहून ठेवल्यास. उद्या तरी चांगलं बोल." प्रयत्न करते.

पाहुण्यांसाठी सांगते, मी कंटिन्युइटी बघते. म्हणजे एखाद्या दृश्यात बाईच्या हातात कप असेल, तर कुठल्या हातात होता, कपात कॉफी किती होती, बाहीची घडी कोपराच्या वर होती की खाली, हे लिहून ठेवणारी मी. दुसऱ्या दिवशी तेच दृश्य पुढे सुरू झालं की सगळे माझ्याकडे बघतात. इथे मला कारीना म्हणणारे थोडे. बाकी सगळे 'वही' म्हणतात. "वहीला विचार." "वही चिडलीय, उद्या ये." माझं अक्षर या हॉलमधला प्रत्येकजण ओळखतो, कारण नऊ वर्षं रोज सकाळी माझ्या हाताची पानं तुम्हांला मिळत आली. हे एवढं लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

आता लायल यांच्याविषयी. लायल यांचे या शहरावर उपकार आहेत. 'सातवा तळ' सुरू झाली तेव्हा इथे असं काही करता येईल यावर कुणाचा विश्वास नव्हता. पहिल्या वर्षी आपण अकरा ग्रहांवर गेलो. अकराही ग्रहांवर पाऊस होता आणि अकराही ग्रहांवर तेच देवदार. सेट आणि त्यावरचं सामान बघणारा आपला प्रॉपर्टीवाला रे डोमिंगो पहाटे जाऊन नेच्यांची पानं जांभळी रंगवायचा आणि दहा वाजेपर्यंत ती पुन्हा हिरवी व्हायची. रे, हसू नकोस, माझ्या वहीत सगळं आहे. तरी लोकांनी मालिका पाहिली, आणि त्याचं कारण जांभळे नेचे नव्हते. कारण ऑर्ला होती.

ऑर्ला ही घडवलेली बाई. आपल्या मालिकेत यंत्रमाणसांना 'घडवलेले' म्हणायचं, हा शब्दसुद्धा लायल यांचाच. जोसेट बेलमार गेली नऊ वर्षं ऑर्ला झाली. जोसेट, तू रडायला सुरुवात केलीस तर मला बोलता येणार नाही, तेव्हा कृपा करून समोरचा केक खा.

लायल यांना पहिल्या दिवसापासून एक गोष्ट हवी होती. ऑर्लाला स्वप्न पडायला हवं होतं. लिहिणाऱ्यांच्या खोलीत यावर किती वाद झाले! यंत्राला स्वप्न पडतं म्हणजे नेमकं काय होतं? रे म्हणाला होता, "माझ्या फ्रीजला रोज पडतात. मधूनच कण्हतो आणि मग शांत होतो." पण लायल यांचं म्हणणं मला तेव्हाही पटलं होतं, आजही पटतं. ते म्हणाले होते, "ऑर्लाच्या आत जे जे आहे ते कुणीतरी घातलेलं आहे. तिची भाषा, तिची चाल, तिचं हसूसुद्धा. स्वप्न तेवढं कुणी घातलेलं नसेल. ते तिला आपोआप मिळालेलं असेल." आपल्या मालिकेत याहून मोठं वाक्य नव्हतं. ते वाक्य पडद्यावर कधी बोललं गेलं नाही, पण आपण सगळे त्याच्यासाठी कामावर येत होतो.

अडचण एवढीच, की पहिली दोन वर्षं ऑर्लाला पडलेली स्वप्नं फार वाईट होती. पांढरे बोळ. वरून पडणारे आकडे. निळा उजेड आणि एक घोडा. तो घोडा भाड्याचा होता आणि त्याने प्रकाशयोजनेची केबल खाल्ली.

मग लायल यांनी डबा आणला. तो बघा, समोर टेबलावर आहे, रिबिनीत. बिस्किटांचा पत्र्याचा डबा, झाकणावर राणीच्या घोडेस्वारांचं चित्र. दर सोमवारी नव्या भागाचं वाचन व्हायचं, त्याआधी ज्याला एखादं स्वप्न पडलं असेल त्याने ते चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायचं. नाव घालायचं नाही. सुतार, शिंपी, चालक, नट, कुणीही. आणि नियम एकच. आवडलेलं स्वप्न वापरण्याआधी लायल वाचनाच्या वेळी विचारणार, "हे कुणाचं आहे? वापरू का?" ज्याचं असेल त्याने हात वर करायचा आणि हो किंवा नाही म्हणायचं.

रेच्या दातांची बुद्धिबळातली प्यादी झाल्याचं स्वप्न आठवतं? लायल यांनी विचारलं, रेने हात वर केला, म्हणाला, "घ्या, पण वजीर माझ्या अक्कलदाढेचा होता, तो बदलायचा नाही." वजीर बदलला नाही. त्यांनी विचारलं होतं. ते विचारायचे. म्हणून तर आपण लिहायचो. दुसऱ्या कुठल्या नोकरीत माणसं आपली स्वप्नं साहेबाच्या डब्यात टाकतील?

तिसऱ्या वर्षी मी एक चिठ्ठी टाकली.

मी सोइन्तुलाची. उत्तरेला बेटावर फिन लोकांचं जुनं गाव आहे, मासेमारीचं. मला एक बहीण होती, मिर्या. माझ्याहून चार वर्षांनी लहान. बावीस वर्षांची असताना वडिलांची बोट घेऊन गेली, आणि बोट सापडली. एवढंच सांगते. इथे हे फारसं कुणाला माहीत नव्हतं, कारण माझं काम दुसऱ्यांच्या गोष्टी लक्षात ठेवायचं.

मिर्या गेल्यावर मला एक स्वप्न पडायला लागलं. वर्षातून दोनदा, तीनदा. आमच्या घराचं स्वयंपाकघर. ती टेबलाशी बसून उकडलेले बटाटे सोलतेय, गरम आहेत म्हणून बोटांवर फुंकर घालतेय. डाव्या हाताने सोलायची ती. मान वर न करता म्हणते, "कारी, दार लोट ना, गार वारा येतोय." मी जाते, दार लोटते, कडी घालते. आणि वळते.

ज्यांची माणसं गेली आहेत त्यांना पुढचं माहीत असतं. आपण वळतो आणि खुर्ची रिकामी असते. बहुतेकांना अशीच पडतात. मला नाही. मी वळायचे आणि मिर्या तिथेच असायची. बटाटा निम्मा सोललेला. ती म्हणायची, "काय बघतेस? मीठ आण." बस. एवढंच स्वप्न. मी मीठ आणायला जायचे आणि जाग यायची.

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, आईलासुद्धा नाही. डब्याला सांगितलं. का, ते आजही नीट कळत नाही. बहुधा वाटलं, की वाचनाच्या वेळी लायल विचारतील, "हे कुणाचं?" आणि मी हात वर करून म्हणेन, "माझं आहे. देणार नाही." एकदा ते सगळ्यांसमोर माझं आहे असं म्हणायचं होतं.

त्या सोमवारी त्यांनी काही विचारलं नाही. पुढच्याही नाही. सहा आठवड्यांनी नव्या भागाची पानं माझ्या हातात आली. पान एकवीस. स्वयंपाकघर, सकाळ. टेबलाशी एक तरुण मुलगी बटाटे सोलते आहे. डाव्या हाताने.

चित्रीकरण याच हॉलमध्ये झालं. माझ्या मागे जे स्वयंपाकघर दिसतंय, तेच. आज शोभेसाठी ठेवलंय, उद्यापासून उतरवणार आहेत. त्या दिवशी मी काय केलं सांगू? मी ओरडले नाही, निघूनही गेले नाही. मी वही उघडून माझ्या खुर्चीत बसले. पानात लिहिलं होतं, दार उजवीकडे. रेने दार उजवीकडे लावलं होतं. आणि माझ्या तोंडून आपोआप गेलं, "दार डावीकडे आहे."

दिग्दर्शक म्हणाले, "कुठे लिहिलंय?"

मी म्हटलं, "डावीकडेच आहे."

वही म्हणते म्हणजे असणारच. कुणी तपासलंसुद्धा नाही. दोन तास थांबून रेने आणि त्याच्या तीन माणसांनी दार काढून डावीकडे बसवलं. मग मी सांगितलं, मीठ खिडकीत असतं. मग सांगितलं, कडी लाकडी हवी. चिठ्ठीत नव्हतं तेही मी उठून उठून देत गेले, कारण चुकीचं दिसत होतं आणि चुकीचं मला बघवत नाही. आपल्याच घरात चोर शिरलाय आणि आपण त्याला दिवा धरून दाखवतोय, असं काहीतरी. जोसेटने ऑर्ला होऊन दार लोटलं, वळली, आणि ती मुलगी तिथेच होती.

त्या भागाला किती पारितोषिकं मिळाली ते प्रास्ताविकात आलंच आहे.

मी लायल यांच्याकडे गेले होते. दुसऱ्याच दिवशी. मी म्हटलं, "ते स्वप्न माझं होतं. तुम्ही विचारलं नाहीत."

त्यांचा चेहरा मला आठवतो. पांढरा पडला होता. म्हणाले, "कारीना, शपथेवर सांगतो, मला माहीत नव्हतं. चिठ्ठ्या माझी मदतनीस टाइप करून देते. मी मूळ कागद बघतच नाही. आणि विचारायचं राहून गेलं, गडबडीत. चूक झाली."

मी विश्वास ठेवला. गडबड होती हे खरंच होतं, त्या आठवड्यात दोन पुलांचे सेट कोसळले होते. मग ते मला इथे घेऊन आले, या टेबलाशी बसवलं आणि म्हणाले, "तुझ्या बहिणीची शप्पथ घेत नाही, तो हक्क मला नाही. पण शब्द देतो. ऑर्लाचं हे स्वप्न तिचं स्वतःचं आहे. ते कुणी घातलेलं होतं, खोटं होतं, असं मी कधी लिहिणार नाही. मी आहे तोवर दुसऱ्यालाही लिहू देणार नाही."

मला तेवढं पुरलं. खरं सांगते, पुरलं. मग पत्रं यायला लागली. मूस जॉ या गावाहून एका निवृत्त मास्तरांनी लिहिलं होतं, की त्यांची बायको जाऊन सहा वर्षं झाली आणि ते झोपण्याआधी आता मुद्दाम मागचं दार लोटतात आणि वळून बघतात. लायल यांनी ते पत्र माझ्या टेबलावर आणून ठेवलं, वर काही न लिहिता. अशा वेळी माणूस आवडतोच. मिर्या माझ्या एकटीची राहिली नाही म्हणून मला वाईट वाटायचं, आणि तिला इतक्या लोकांनी घरात घेतलं म्हणून बरंही वाटायचं. दोन्ही एकाच वेळी. मार्गो, तुम्ही मान हलवताय. तुम्हांला कळलं.

आता शेवटचं वर्ष.

शेवटच्या भागात काय झालं ते सबंध देशाला ठाऊक आहे. ऑर्ला आपल्या कारखान्यात परत जाते आणि तिला एक जुना कारागीर भेटतो. तो सांगतो, स्वप्न आम्हीच घातलं होतं. सगळ्या ऑर्लांना तेच स्वप्न असतं. आणि वळल्यावर ती मुलगी तिथेच का असते? तर तो हसून म्हणतो, "तो आमचा दोष. चित्र पुसायचं राहून गेलं. दुरुस्त करायला वेळ नव्हता."

पानं आली तेव्हा मी ते वाक्य तीनदा वाचलं. मग लायल यांच्या खोलीत गेले.

मी म्हटलं, "तुम्ही शब्द दिला होता."

ते म्हणाले, "कारीना, ती यंत्र आहे गं. यंत्राचं स्वप्न कुणीतरी घातलेलंच असणार. प्रेक्षकांना शेवटी धक्का हवा असतो."

"पण पुसायचं राहून गेलं? दोष?"

"अगं, ती ऑर्ला आहे. तू नाहीस."

मी त्यावरही विचार केला. गोष्ट लिहिणाऱ्याला गोष्ट वळवावी लागते, शब्द दिला तेव्हा त्यांना पुढचं दिसत नसेल, असं मी स्वतःला समजावलं. शेवटच्या दिवशी ते वाक्य बरोबर बोललं गेलं की नाही हे मीच तपासलं. चार टेक झाले. चौथा वापरला.

पण एक गोष्ट बिघडली. मिर्या आता येते तेव्हा ती बटाटे सोलत असते, दार लोट म्हणते, मी दारापर्यंत जाते. कडी घालते. आणि वळत नाही. दाराकडे तोंड करून उभी राहते. मागे फुंकर घालायचा आवाज येत असतो आणि मी विचार करत असते, की ती आहे, की पुसायची राहून गेलीय? सेहेचाळीस वर्षांची बाई मी. स्वतःच्या स्वप्नात दाराला नाक लावून उभी असते. आठ महिने झाले, मी माझ्या बहिणीचं तोंड बघितलेलं नाही.

रे, पाणी दे. हो.

तरीही आज मी चांगलंच बोलायचं ठरवून आले होते. लिहून आणलं होतं, हे बघा, चार पानं. पाऊस, नेचे, घोडा, सगळं त्यात होतं, स्वप्न नव्हतं. सकाळी समितीने मला हा डबा दिला. सात वर्षांच्या चिठ्ठ्या नीट लावून, रिबीन बांधून द्या म्हणाले, लायल यांना भेट द्यायची आहे. नीट लावायचं काम कुणाचं? वहीचं. मी प्रत्येक चिठ्ठी सरळ केली. रेची दातांची सापडली. जोसेटची फ्रेंचमधली सापडली. आणि माझी सापडली. माझं अक्षर, माझी हिरवी शाई, इथे फक्त मीच ती वापरते.

मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहिलंय. वाचून दाखवते. "वहीचं. मेलेली बहीण. विचारू नये, नाही म्हणेल."

अध्यक्ष महोदया, माझी दोन मिनिटं उरली आहेत, मला दिसतंय. पूर्ण करते.

लायल, इतकी वर्षं मी तुम्हांला 'तुम्ही' म्हणत आले. आता जमत नाही. तुझं अक्षर मीही ओळखते रे. नऊ वर्षं आपण एकमेकांचे कागद वाचले. तुला माहीत होतं. मी समोर उभी होते आणि तू पांढरा पडलास, ते मी पश्चात्ताप म्हणून लिहून घेतलं. माझ्या वहीतली ती सगळ्यात मोठी चूक. तू विचारलं असतंस तर मी खरंच नाही म्हटलं असतं. ते एकदा म्हणायचं होतं मला. फक्त तेवढ्यासाठी ती चिठ्ठी टाकली होती.

ज्या माणसाने सांगितलं की घडवलेल्यांच्या आत एक तरी गोष्ट कुणी न घातलेली असते, तो तूच होतास. तुला ते आता खरं वाटत नसेल. मला वाटतं. त्या कारागिराने ऑर्लाला काय सांगितलं ते मी ऐकलंय, चारदा ऐकलंय. त्याला कुणीतरी लिहिलं होतं. ऑर्लाच्या दाराची कडी लाकडी असते हे कुणी लिहिलं नव्हतं. मिठाची खिडकी कुणी लिहिली नव्हती. मला ती त्या क्षणी आठवली, आणि जोसेटने तिकडे बघितलं. एवढं मला पुरे आहे.

रे, एक विनंती. उद्या सेट उतरवायच्या आधी ते दार परत उजवीकडे लाव. पानात उजवीकडेच होतं. तसं लाव, आणि मग खुशाल तोडा. डावीकडचं दार माझ्या आईच्या घरी आहे.

लायल यांना नव्या शहरात यश मिळो, मार्गोंना तिथे समुद्र जवळ मिळो. समितीने मला बोलायची संधी दिली, अध्यक्षांनी वेळ दिला, तुम्ही सगळ्यांनी केक बाजूला ठेवून ऐकलंत, त्याबद्दल मी ऋणी आहे. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल तर पोटात घ्या. लिहून आणलेली चार पानं टेबलावर ठेवते, हवी त्याने वाचावीत, त्यात सगळं छान आहे.

आणि वहीची शेवटची नोंद. डब्यावरच्या पट्टीवर समितीने चारशे बारा चिठ्ठ्या असं छापलंय. आत चारशे अकरा आहेत. ही चूक माझ्या हातून झालेली आहे, जाणूनबुजून झालेली आहे, आणि ती दुरुस्त होणार नाही. चारशे बारावी माझ्या कोटाच्या खिशात आहे. उद्या सकाळच्या बोटीने मी बेटावर जाणार आहे. आई बटाटे उकडून ठेवेल. दार मी लोटीन. मग वळेन.

धन्यवाद.